पुणे–दिल्ली विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि दोन्हींचा मेळ का बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पुणे ते दिल्ली हवाई अंतर एका ठिकाणी १,१५५ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे १,१७५, तिसरीकडे चौदाशेच्या वर. तिकिटावर सव्वादोन तास लिहिलेत. जानेवारीत गेलो तेव्हा पायलटने उड्डाणाचा वेळ १ तास ४० मिनिटं सांगितला, तरी पोचायला तासभर उशीर झाला. मग धरायचं काय? आणि मे महिन्यात आई-बाबांना घेऊन दिल्लीमार्गे लेहला जायचंय, दोन विमानांमध्ये दीड तास आहे, तेवढा पुरेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे तिथे अडकलेत. दीड तास पुरणार नाही. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असतील तर मुळीच नाही. कारण खाली येईलच, पण त्यासाठी सव्वादोन तास हा आकडा कसा बनतो ते आधी बघावं लागेल.

अंतराचा घोळ सोपा आहे. लोहगाव विमानतळ साधारण १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व इथे आहे आणि दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व इथे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एवढ्यावर घरबसल्या हिशोब होतो. अक्षांशातला फरक ९.९८ अंश, गुणिले ६०, म्हणजे ५९९ सागरी मैल उत्तरेकडे. रेखांशातला फरक ३.१८ अंश. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून त्याला दोन्ही शहरांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश २३.६, त्याचा कोसाइन ०.९१६. म्हणजे ३.१८ गुणिले ६० गुणिले ०.९१६, सुमारे १७५ सागरी मैल पूर्वेकडे. आता शाळेतला पायथागोरस: ५९९ चा वर्ग अधिक १७५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६२४. सागरी मैल ६२४, म्हणजे १,१५५ किलोमीटर. भारतातल्या कुठल्याही दोन शहरांसाठी ही रीत चालते, चूक एखाद्या टक्क्याच्या आतच राहते.

मग १,१७५ कुठून आले? काही ठिकाणी विमानतळ न धरता शहराचा मध्य धरतात, म्हणजे शिवाजीनगर ते कनॉट प्लेस. लोहगाव शहराच्या ईशान्येला आहे, म्हणजे दिल्लीच्या बाजूला सरकलेलं. दिल्लीचा विमानतळ शहराच्या नैऋत्येला, म्हणजे आपल्या बाजूला. दोन्हीकडून मिळून वीसेक किलोमीटर कमी होतात. चौदाशेच्या वरचा आकडा रस्त्याचा. रेल्वे तर दीड हजाराच्या आसपास जाते. दुरांतो वसई-वडोदरा-कोटा अशी फिरून जाते, झेलम दौंड-मनमाड-भोपाळ-आग्रा अशी. आणि कुठे ७१८ दिसले तर ते साधे मैल आहेत, ६२४ दिसले तर सागरी मैल. एकक न बघता आकडा उचलला की गोंधळ ठरलेला.

नकाशावर ही सरळ रेषा शिर्डीच्या थोडी पश्चिमेकडून, मालेगाव, धुळे, मग इंदूर-उज्जैन उजव्या हाताला ठेवून कोटा, सवाई माधोपूर, अलवर अशी जाते. विमान मात्र या रेषेवर दोरी धरून जात नाही. हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंमधून जातात, हवाई दलाची राखीव क्षेत्रं मध्ये येतात, धावपट्टी ज्या दिशेला वापरात असेल त्या दिशेने उडावं आणि उतरावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर सरळ अंतरापेक्षा चार ते आठ टक्के जास्त निघतं. पुणे-दिल्लीत म्हणजे १,२०० ते १,२५० किलोमीटर. कंट्रोलरने मोकळीक दिली तर मधले बिंदू गाळून थेट जाता येतं, गर्दी असली तर तेच अंतर वाढतं.

आता वेळ. तिकिटावरचा सव्वादोन तास हा हवेतला वेळ नाहीच. तो पुण्याच्या बेवरून, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवरून, विमान हललं तिथपासून दिल्लीच्या बेवर थांबलं तिथपर्यंतचा. याला ब्लॉक टाइम म्हणतात. पायलट जे सांगतो ते धावपट्टी सोडल्यापासून धावपट्टीला चाकं टेकेपर्यंतचं. या दोन आकड्यांमध्ये सहज अर्धा तास असतो, म्हणून पायलटचे १ तास ४० मिनिटं आणि तिकिटाचे २ तास १५ मिनिटं हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

हवेतला वेळ असा बसतो. ए-३२० जातीचं विमान पुण्याहून उठून ३५,००० फुटांवर पोचायला वीसेक मिनिटं घेतं आणि तोवर सुमारे १२० सागरी मैल पुढे गेलेलं असतं, म्हणजे मालेगावच्या आसपास. तिथून पुढे ध्वनीच्या ०.७८ पट वेग, आपल्याकडच्या उबदार वरच्या हवेत सुमारे ४५५ नॉट (ताशी सागरी मैल), म्हणजे ताशी ८४० किलोमीटर. उतरणं मात्र प्रवाशाला वाटतं त्यापेक्षा फार आधी सुरू होतं. दर हजार फुटांना तीन सागरी मैल हा ढोबळ नियम. ३५,००० फुटांसाठी १०५ मैल, शिवाय वेग कमी करायला दहाएक मैल. म्हणजे दिल्लीला उतरायची सुरुवात राजस्थानात, दौसाच्या आसपास होते. चढणं २० मिनिटं, मधला सपाट टप्पा ५०-५५ मिनिटं, उतरणं २५ मिनिटं, आणि दिल्लीजवळ विमानं एकामागे एक रांगेत लावताना दिलेली वळणं पाच ते दहा मिनिटं. एकूण १ तास ४० ते १ तास ५०. दोन तासांच्या प्रवासात पूर्ण वेगाने उडणं तासाभराचंसुद्धा नाही, हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

पुण्यापुरता एक कामचलाऊ हिशोब देतो, जेट विमानासाठी. सरळ अंतराला किलोमीटरमध्ये १३ ने भागा, १७ मिळवा; हा मिनिटांत हवेतला वेळ. त्यात जमिनीवरची २० मिनिटं मिळवा, दुसरं टोक दिल्ली किंवा मुंबई असेल तर २५. हा ब्लॉक टाइम. दिल्ली: ११५५ भागिले १३ म्हणजे ८९, अधिक १७, १ तास ४६ मिनिटं हवेत, ब्लॉक २ तास ११ मिनिटं. बेंगळुरू सुमारे ७२० किलोमीटर, ब्लॉक दीड तासाच्या जरा वर. नागपूर ६०५, एक तास वीस-पंचवीस मिनिटं. हैदराबाद ५००, सव्वा तास. चेन्नई ९१०, पावणेदोन तास. कोलकाता १,५७५, दोन तास चाळीस. दुबई २,०५०, सव्वातीन तासांच्या घरात. तिथे तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या स्थानिक असतात आणि दुबई आपल्या दीड तास मागे आहे, हे विसरून वजाबाकी केली की वेळ एकदम दोन तासांच्या खाली येतो आणि लोक खूश होतात. एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान असेल तर हा हिशोब लावू नका, त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास.

मुंबई हे यातलं मजेशीर टोक. सरळ अंतर अवघं १२५ किलोमीटर, सपाट उड्डाण जवळजवळ नाहीच, तरी ब्लॉक टाइम पाऊण तासाच्या वर जातो. अंतर शून्याकडे नेलं तरी चढणं, उतरणं, रांगेत थांबणं आणि जमिनीवर रांगणं यांची चाळीसेक मिनिटं कुठे जात नाहीत.

जानेवारीकडे येऊ. हिवाळ्यात उत्तर भारतावर साधारण २५ ते ३० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून जोरदार झोत वाहतो. ३५-४० हजार फुटांवर १०० नॉट हा आकडा तेव्हा नवलाचा नाही. पुणे-दिल्ली जवळजवळ उत्तरेकडे आहे, उत्तरेपासून फक्त १६ अंश पूर्वेला. म्हणजे हा वारा मुख्यतः डाव्या कुशीवर लागतो. १०० नॉट पश्चिम वाऱ्यातला पुढे ढकलणारा भाग सुमारे २८ नॉट आणि आडवा भाग ९६. आडव्या वाऱ्यात वाहवत जाऊ नये म्हणून नाक डावीकडे वळवून ठेवावं लागतं, त्यात वेगाचे दहाएक नॉट जातात. जमिनीवरचा वेग जाताना ४५५ ऐवजी सुमारे ४७०, येताना सुमारे ४१५. ज्या टप्प्यात हा झोत आहे तिथेच हा फरक पडतो, म्हणून एकूण हिशोबात जाताना दोन-तीन मिनिटं वाचतात, येताना चार-पाच मिनिटं जास्त लागतात. थोडक्यात, पुणे-दिल्लीत वाऱ्याला फार दोष देण्यात अर्थ नाही.

पूर्व-पश्चिम मार्गावर चित्र वेगळं. पुणे-कोलकाता जवळजवळ पूर्वेकडे, त्यामुळे तिथे ६० नॉट पश्चिम वारासुद्धा जाताना वेग ५१० वर नेतो आणि येताना ४०० वर आणतो. सहाशे मैलांच्या सपाट टप्प्यात हाच फरक वीस मिनिटांचा. पावसाळ्यात उलटं होतं: दक्षिण भारतावर वरच्या थरात वारा पूर्वेकडून वाहू लागतो, आणि जी दिशा जानेवारीत रडतखडत जात होती ती जुलैत झटपट होते. खाली मोसमी वारा नैऋत्येचा असला तरी ३५,००० फुटांवर त्याचा संबंध नसतो.

तर मग तुमचा तासभर कुठे गेला? बहुतेक पुण्यातच, दार बंद करून उभ्या विमानात. दिल्लीत डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी अखेरपर्यंत मध्यरात्रीनंतर धुकं दाटतं आणि सकाळी नऊ-दहाला, कधी त्याहून उशिरा विरतं. दिल्लीच्या यंत्रणेत ५० मीटर दृश्यमानतेतही उतरता येतं, पण विमान आणि दोन्ही पायलट त्यासाठी पात्र असावे लागतात. उडण्यासाठी १२५ मीटर लागतात, म्हणजे उतरता येतंय पण उडता येत नाही अशी विचित्र वेळही येते, आणि मग बे रिकामे होत नाहीत. धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, त्यामुळे तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. ही गर्दी दिल्लीच्या आकाशात घिरट्या घालत बसू नये म्हणून देशभरातल्या विमानांना निघायच्या विमानतळावरच उड्डाणाची वेळ नेमून दिली जाते. त्या वेळेला सीटीओटी म्हणतात. पायलट घोषणा करतो की 'दिल्लीहून परवानगी मिळाली नाही', ती हीच. प्रवासी चिडतात, पण वर घिरट्या घालताना ए-३२० पंधरा मिनिटांत सुमारे अर्धा टन इंधन जाळतं, आणि पुणे-दिल्ली पूर्ण प्रवासालाच चार-साडेचार टन लागतात. सोबत घेतलेलं जादा इंधन संपत आलं की जयपूर, लखनौ किंवा अमृतसर गाठावं लागतं. त्यापेक्षा लोहगावला बसून राहिलेलं बरं.

दार लवकर का बंद करतात, असंही विचारलं जातं. नेमून दिलेली वेळ कधीही अलीकडे येऊ शकते, आणि त्या क्षणी विमान तयार नसेल तर रांगेतला नंबर जातो. सगळे आत, सामान चढलेलं, दार बंद, ट्रॅक्टर लावलेला, असं असलं तरच ती संधी साधता येते.

दिल्लीची भानगड नसली तरी लोहगावचं स्वतःचं एक वळण आहे. हा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण त्यांच्याकडे, नागरी भाग त्याला लागून. सुखोईंचा सराव चालू असला की प्रवासी विमान थांबतं. धावपट्टी एकच, २,५३५ मीटर लांब. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या डागडुजीसाठी १६ ते २९ तारखेपर्यंत प्रवासी वाहतूक पूर्ण बंद होती, कारण दुसरा पर्यायच नाही. जुलै २०२४ पासून नवीन टर्मिनल सुरू झाल्याने आतली दाटी कमी झाली, धावपट्टी मात्र तीच. पाच-सात मिनिटांचा खोळंबा इथे रोजचा धरा. तळ लष्करी असल्यामुळे खिडकीतून फोटो काढायला मनाई आहे, तेवढं मुलांना आधीच सांगून ठेवा.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. पारा ४० ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वागते. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धावपट्टी तेवढीच. दिल्लीच्या फ्लाइटला इंधन कमी लागतं म्हणून वजनाची अडचण सहसा येत नाही. लांबच्या परदेशी फ्लाइटला दुपारी येऊ शकते. मेमध्ये दिल्लीकडे जाणाऱ्याला खरी भीती संध्याकाळची. दुपारी चारनंतर दिल्लीत धुळीची आंधी आणि गडगडाटी ढग उठतात, आणि पुण्यातही वळवाचे ढग त्याच सुमारास येतात. असा ढग बोगद्यासारखा पार करता येत नाही, वळसा घालावा लागतो. म्हणून मोसमानुसार वेळ निवडायची: डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला दुपारी बारा ते सहाच्या दरम्यान पोचणारी फ्लाइट, एप्रिल ते जूनमध्ये सकाळी किंवा पहाटे पोचणारी.

'उशीर झालाय पण वर गेल्यावर पायलट भरून काढेल' हा समज सोडा. ०.७८ ऐवजी ०.८० वेगाने उडवलं तर पन्नास-पंचावन्न मिनिटांच्या सपाट टप्प्यात जेमतेम दीड मिनिट वाचतं, इंधन मात्र बरंच वाढतं. थेट मार्ग मिळाला तर तीन ते पाच मिनिटं. तरीही विमान उशिरा सुटून वेळेवर पोचल्याचा अनुभव येतो, तो वेळापत्रकात मुळातच भरलेल्या फुगवट्यामुळे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मोजणीत पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरला जातो; शिवाय कंपन्या दिल्लीतल्या रांगेसाठी आणि लांबलचक टॅक्सीसाठी, म्हणजे विमानाच्या जमिनीवरच्या चालीसाठी, दहा-पंधरा मिनिटं आधीच वाढवून ठेवतात. सगळं सुरळीत असलं तर तुम्ही दिल्लीला वीस मिनिटं आधी टेकता आणि मग बे रिकामा नाही म्हणून टॅक्सीवेवर उभे राहता.

दिल्लीत चाकं टेकली म्हणजे पोचलो असं धरू नका. चार धावपट्ट्या, तीन टर्मिनल. धावपट्टीपासून बेपर्यंत दहा मिनिटंही लागतात आणि वीस-पंचवीसही. दार उघडून मागच्या रांगेतला माणूस बाहेर पडेपर्यंत दहा. टर्मिनल ३ मध्ये गेटपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत आई-बाबांच्या पावलाने पंधरा-वीस मिनिटं चालणं. सरकते पट्टे आहेत, पण सलग नाहीत. सामान यायला वीस ते तीस. टर्मिनल १ तर ३ पासून वेगळंच, विमानतळाच्या दुसऱ्या बाजूला; बसने जायचं, रांगेत उभं राहायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी. यात अर्धा-पाऊण तास गेला समजा. टर्मिनल २ आणि ३ मात्र शेजारी आहेत, चालत जाता येतं. कुठली कंपनी कुठल्या टर्मिनलवरून उडते हे बदलत राहतं, म्हणून तिकिटावरचं टर्मिनल प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, दोन्ही फ्लाइटचं.

आता तुमचा दीड तास मांडा. समजा विमान बेवर वेळेवर थांबलं. सामान हातात यायला पन्नास मिनिटं. तिकिटं वेगळी असतील तर तुम्हाला बाहेर पडून लेहच्या काउंटरवर सामान पुन्हा द्यावं लागणार, आणि देशांतर्गत फ्लाइटचं काउंटर बहुतेक कंपन्या सुटायच्या साठ मिनिटं आधी बंद करतात. म्हणजे नव्वदातले साठ गेले, उरले तीस. आणि सामान यायलाच पन्नास. वेळेवर पोचूनसुद्धा फ्लाइट चुकते. एकाच पीएनआरवर असेल तर सामान लेहपर्यंत लागतं, तुम्हाला फक्त गेट गाठायचं असतं, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर येतं. तिथेही दिल्लीत दोन तासांखाली मी सुचवणार नाही, ज्येष्ठ माणसं असतील तर अडीच. वेगळ्या तिकिटांवर चार.

लेहचं गणित त्याहून कडक आहे. दिल्ली-लेह सुमारे ६२० किलोमीटर, वेळ सव्वा-दीड तास, पण विमानतळ १०,६८२ फुटांवर, डोंगरांच्या मधोमध. दुपारी तिथे वारा वाढतो, हवा तापून आणखी विरळ होते, म्हणून प्रवासी विमानं सकाळीच उरकून घेतात. दुपारपर्यंतची फ्लाइट हुकली तर संध्याकाळची नसते. दुसरा दिवस उजाडतो, आणि मेमध्ये दुसऱ्या दिवशीच्या जागा भरलेल्या असतात. वारा बिघडला तर विमान लेहवरून घिरटी घालून दिल्लीला परतही येतं. म्हणून आदल्या दिवशी सकाळच्या फ्लाइटने दिल्लीला जा, मुक्काम करा आणि पहाटेच्या विमानाने लेह. एक खोलीचं भाडं वाढेल, पण तीन जणांची लेहची तिकिटं ऐनवेळी पुन्हा काढण्यापेक्षा ते कमीच पडतं. मुक्काम नकोच असेल तर रात्री उशिरा पुण्याहून निघून पहाटे दोन-तीनला दिल्लीत उतरणारी फ्लाइट मिळते का बघा. मात्र रात्रभर जागून थेट साडेदहा हजार फुटांवर जाणं वडीलधाऱ्यांना सोसेलच असं नाही. त्यांना रक्तदाब, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा.

घरापासूनचा वेळही यातच धरायचा. कोथरूडहून लोहगाव पंधरा-सोळा किलोमीटर, पहाटे अर्ध्या तासात, संध्याकाळी सातला येरवडा आणि नगर रोड धरून सव्वा तास. हिंजवडीहून संध्याकाळी दोन तास हाताशी ठेवा. वनाझहून मेट्रोने रामवाडीला चाळीस मिनिटांच्या आसपास पोचता येतं आणि हा वेळ गर्दीतही बदलत नाही. पुढचे चार-पाच किलोमीटर रिक्षा किंवा बस. दोन मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असतील तर मेट्रोची चढउतार टाळा, एकट्याला उत्तम. पाचशे नऊ चौकात अडकलं की टर्मिनल नजरेच्या टप्प्यात असूनही पंधरा मिनिटं जातात, ती धरूनच निघा. परतताना ॲपवरची कॅब एरोमॉलमधून, म्हणजे विमानतळाच्या बहुमजली पार्किंग इमारतीतून घ्यावी लागते, तेवढं सामान ओढत चालण्याची तयारी हवी. एकूण कोथरूड ते दिल्लीतलं हॉटेल हा प्रवास सहा-सात तासांचा, त्यातला हवेतला पावणेदोन.

आता एक गोष्ट जी फारच कमी लोक वापरतात. ब्लॉक टाइम हा नुसता वेळापत्रकाचा आकडा नाही, तुमचे हक्क त्यावर ठरतात. डीजीसीएच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर थांबलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यावं लागतं. अडीच ते पाच तासांच्या फ्लाइटला ही मर्यादा तीन तासांची. पुणे-दिल्ली पहिल्या गटात, म्हणजे दोन तासांतच तुम्ही काउंटरवर मागू शकता. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. आयत्या वेळी फ्लाइट रद्द झाली आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर परतावा किंवा दुसऱ्या फ्लाइटखेरीज भरपाईही आहे: एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपयांपर्यंत, एक ते दोन तासांना ७,५०० पर्यंत, दोन तासांच्या वर १०,००० पर्यंत, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते. धुकं, आंधी, हवाई वाहतूक नियंत्रणाने थांबवणं ही कारणं यात बसत नाहीत, त्यामुळे तुमच्या जानेवारीच्या तासाभराचं काही मिळालं नसतं. पण तिकिटावर २ तास १५ मिनिटं छापलेली असताना काउंटरवरचा माणूस 'उड्डाण पावणेदोन तासांचंच आहे' म्हणत मधला दर लावू लागला, तर तिकिटावरच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा दाखवा. मोजायचे ते बे सोडल्यापासून बेवर थांबेपर्यंतचे तास, हवेतले नव्हेत. त्यासाठी तिकिटाची मूळ पीडीएफ फोनमध्ये ठेवा. फ्लाइट रद्द झाल्यावर ॲपवर त्या वेळा दिसतीलच असं नाही.